हर्णैचा सूर्यास्त आणि पाण्यातली बैलगाडी

हे दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर, नोव्हेंबरातली संध्याकाळ, आणि समोर पाण्यात दिसतोय तो सुवर्णदुर्ग. लोक इथे येतात, किल्ला आणि लाल गोळा असा एक फोटो काढतात, मासे घेतात आणि निघतात. फोटो वाईट नसतो हो, पण तोच फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो. आपल्याला सूर्य हवाय तो फक्त लाईट म्हणून, फोटो काढायचाय ह्या बैलगाडीचा.

किनाऱ्याजवळ पाणी उथळ, मोठ्या बोटी लांब थांबतात, म्हणून मासळी आणायला बैलगाड्या सरळ समुद्रात घालतात. आणि भरलेली गाडी परत येते ना, तेव्हा चाकांवरून जे पाणी उडतं ते मागच्या उन्हात पेटल्यासारखं दिसतं, बस, तेवढ्यासाठी इथे तासभर थांबायचं.

आता हा शॉट बघा. बैल अख्खा काळा आलाय, मुद्दाम. मोबाईलवर सूर्याच्या जरा बाजूला, आकाशावर बोट दाबून धरलं, फोकस लॉक झाला, मग ब्राइटनेस खाली ओढला, म्हणून आकाशाचा रंग टिकला. बैलाचा चेहरा दिसावा म्हणून उजेड वाढवलात तर आकाश पांढरंफटक पडणार, दोन्ही नाही मिळत. कॅमेरा असेल तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा, पक्षी उडत असतील तर १/१०००. नाइट मोड मात्र बंदच करा, तो बऱ्याच फ्रेम एकत्र शिवतो आणि हलत्या चाकाला दोन-दोन कडा येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचं सेटिंग, ऑटोवर नको, कॅमेऱ्याला तो केशरी रंग म्हणजे चूकच वाटते आणि तो धुऊन टाकतो, डेलाइटवर ठेवा.

आणि खाली बसा! उभं राहून काढलं की क्षितिजाची रेघ बरोबर समोरच्या माणसाच्या डोक्यातून जाते. वाळूत गुडघे टेकले की डोक्यावर पाटी घेतलेली बाई पूर्ण आकाशात येते, पाटी वेगळी, हात वेगळा, सगळं सुटं दिसतं. दोन माणसं एकमेकांवर आली की नुसता काळा गठ्ठा होतो, त्यांच्यात फट पडेपर्यंत दम धरायचा.

कुठल्या दिवशी यायचं, तर कॅलेंडरमधली तिथी बघून. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती, वाळू कमीच उरते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी साडेपाच-सहाच्या आसपास, आणि नोव्हेंबरात सूर्यही साधारण तेव्हाच बुडतो. मग लांबवर ओली वाळू, त्यात आकाशाचे रंग आणि गाडीचं उलटं प्रतिबिंब, अर्धं काम समुद्रानेच केलेलं असतं. हिशोब अंदाजे आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

सूर्याची कड पाण्याला टेकल्यापासून तो बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं मिळतात, तेव्हा लेन्स बदलत बसू नका. तो बुडाला की लोक टाळ्या वाजवून निघतात, पण खरा रंग कित्येकदा त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी येतो, वरच्या पातळ ढगांना खालून उजेड लागतो आणि सगळं गुलाबी होतं. उजेड कमी झालेला असतो, म्हणून आता उलटं करायचं, शटर १/३० वर आणायचं आणि गाडीच्या वेगाने कॅमेरा तिच्यासोबत फिरवायचा, गाडी त्यातल्या त्यात शार्प, मागचं सगळं रेघारेघांचं. दहातले आठ-नऊ फोटो वाया जातात, जाऊ देत.

किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावाच्या गर्दीत मात्र मध्ये घुसू नका, तिथे लोकांचा धंदा चालू असतो. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं विचारलं तरी पुरतं, नाही म्हणाल्या तर नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये धुरकट हवेत सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच विरून जातो, तेव्हा मजा कमी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा ना बोटी ना गाड्या. पाऊस संपल्यावर या, ऑक्टोबर-नोव्हेंबर, हवा धुतलेली असते आणि आकाशात थोडे ढगही शिल्लक असतात.