पट्टी खालनं वाचायची

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'प्रादेशिक वाहतूक आणि तिचं अर्थकारण'. भारदस्त आहे. मी अर्थतज्ज्ञ नव्हे. एका साखर कारखान्यात आधी शेती खातं, मग हिशेब विभाग, असा निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे मी बोलणार ते कपातीच्या भाषेत.

आमचं गुऱ्हाळ होतं. वडील कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत गूळ घालून यायचे आणि अडत्यानं दिलेली पट्टी कंदिलाजवळ धरून वाचायचे. वर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा किती, वजन किती, दर काय. खाली हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडं. ते वरची ओळ बघायचेच नाहीत, खालनं सुरुवात. मी विचारलं तर म्हणाले, "दर गावाला सांगायला असतोय. घरात येतंय ते खाली लिवलेलं वजा जाऊन." रस्ता, रेल्वे, पूल यांचा हिशेब मला तेव्हापासून असाच वाचायची सवय लागली.

आता उसाचं बघा. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातनं सव्वादहा किलो साखर निघाली तर, टनाला ३४०० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, जाहीर केली. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते, हे इथं कुणाला सांगायला नको. पण ती कशी वजा होते? सहसा कारखाना हंगामात झालेला सगळा खर्च गोळा करतो, एकूण टनांनी भागतो आणि ती सरासरी सगळ्यांच्या माथी मारतो. कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात ज्याचं शेत आहे, त्याचा ऊस बैलगाडीनं तासाभरात काट्यावर येतो. दुसऱ्याचा साठ किलोमीटरवरनं ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून येतो. कपात दोघांनाही सारखीच. म्हणजे लांबच्या उसाचं डिझेल जवळचा शेतकरी भरतो, आणि त्याच्या बिलावर तसं कुठं लिहिलेलं नसतं. मी स्वतः अशी हजारो बिलं काढलीत, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

आणि जे बिलात येतच नाही ते आणखी निराळं. पाणंद, म्हणजे शेताकडं जाणारी वाट, चिखलाची असेल तर भरलेली ट्रॉली रुतते. ओढायला दुसरा ट्रॅक्टर, नाहीतर जेसीबी. त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातनं. वर ड्रायव्हरची 'एंट्री' आणि तोडणी टोळीची 'खुशाली', म्हणजे हातावर ठेवायचे वरचे पैसे. ज्याची पाणंद वाईट त्याची एंट्री जास्त, हा दर कुठल्या सरकारी कागदावर नाही, पण गावात पोराटोरांना पाठ आहे. अर्धा किलोमीटर मुरूम पडला असता तर हे वाचलं असतं. महामार्गाचं भूमिपूजन होतं, पाणंदीचं होत नाही. फोटोत काही दिसत नाही ना तिथं.

टोलबद्दल बोलायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही मला घरी जाऊ द्यायचा नाही. कोल्हापूर शहरातले ४९ किलोमीटरच्या आसपास रस्ते, सुमारे २२० कोटींचा प्रकल्प, बांधा-वापरा-हस्तांतर करा या तत्त्वावर तीस वर्षांचा करार. आपण सगळे रस्त्यावर उतरलो, मीही होतो. २०१५ च्या अखेरीला टोल रद्द झाला आणि आपण साखर वाटली. पण ठेकेदाराची भरपाई सरकारी तिजोरीतनं गेली, चारशे कोटींच्या वर. म्हणजे टोल गेला, खर्च गेला नाही. गडचिरोलीच्या माणसानंही त्यात आपला वाटा घातला. आंदोलन चुकलं असं मी म्हणत नाही. घरातनं दवाखान्यात जायला नाक्यावर पैसे मोजायचे, हे कुणी सोसलं नसतं. पण करार होताना पट्टी खालनं वाचली नाही, ही चूक आपल्या सगळ्यांची.

याच गावात उलटा दाखलाही आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वेची पायाभरणी १८८८ ची, गाडी १८९१ ला सुरू झाली. संस्थानानं स्वतःच्या पैशानं बांधलेला मार्ग. शाहू महाराजांनी पुढं १८९५ मध्ये स्टेशनाशेजारी शाहूपुरीची पेठ वसवली. नुसतं रूळ टाकून भागलं नाही, रुळाजवळ बाजार आणला, म्हणून गुळाला गिऱ्हाईक दूरवरनं आलं. मात्र ती गाडी आजही इथंच थांबते. खाली कोकणात वैभववाडीपर्यंतचा १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, आणि अजून आपल्या हातात आहे तो घाटच. करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बंद केला तेव्हा अवजड गाड्या फोंडा घाटाकडनं फिरल्या. त्या फेऱ्याचं भाडं कोकणातल्या भाजीवर बसलं, आणि बाजारात पाटी उचलणाऱ्या बाईला वाटलं, कोल्हापूरवाले महाग विकायला लागले.

शेवटचं, महापुराचं. ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता आठवडाभर बंद. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा, पंपावर पेट्रोल नाही, शिरोली-गोकुळ शिरगावातल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग तयार असून जागेवर पडून. २०२१ ला पुन्हा तेच. महामार्गाचा भराव पाणी अडवतो, तिथं खांबांवरचा पूल करा, ही मागणी तेव्हापासूनची. नागपूर-गोवा असा आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाला आपल्याकडं विरोध झाला त्यातही, जमिनीच्या जोडीला, नवीन भराव नको हा मुद्दा होता. पूल महाग पडतो, असं सांगतात. पडतोच. भराव स्वस्त, कारण त्याचा उरलेला खर्च दुसऱ्याच्या वहीत असतो.

एक वही मी बघितली आहे. माझी धाकटी बहीण करवीर तालुक्यातच एका उंचावरच्या गावात असते. त्या गावात पुराचं पाणी आलं नाही. पंचनामा नाही, सानुग्रह अनुदान नाही. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ मिळून तेरा-चौदा लिटर दूध. रस्ते बंद, टँकर येईना, संस्थेनं संकलन थांबवलं. पहिल्या दिवशी तिनं खवा आटवला, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना वाटलं, तिसऱ्या दिवशी जळण ओलं होतं म्हणून परड्यात ओतलं. म्हशीला काय, महामार्ग बंद आहे म्हणून ती आचळ बंद करत नाही. दहा दिवसांनी दुधाचं बिल आलं. सहा दिवसांचे रकाने मोकळे, आणि खाली पशुखाद्याची कपात पूर्ण.