पांढरा रस्सा आणि गेलेला डीओ

मंडळी, बोर्डावर ‘उपनगराची ऊर्जा आणि आपण’ असं सेक्रेटरींनी लिहिलंय, मी त्यांना नुसतं ‘लाईट’ म्हणलो होतो. उद्यमनगरात तीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या, त्यामुळं भाषण येत नाही, पण जळालेल्या कॉइलचा वास गल्लीच्या तोंडाला येतो. मागं ऐकू येतंय न्हवं?

आधी डिसेंबरातल्या रविवारचं सांगतो, मग मुद्दा. पन्हाळ्याच्या पायथ्याला पाव्हण्यांच्या रानात जायचं ठरलेलं, चुलीवरचं मटण, तांबडा-पांढरा, भाकरी, एकदम गावरान. पोरांनी तर मोबाईल घरी ठेवायचा ठराव केलेला (तो अर्थातच ग्रुपवर केला). सकाळी सात वाजता मसाला वाटायला घेतला आणि लाईट गेली. वायरमनला फोन केला तर म्हणतोय, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडालाय, दुसरीकडं जंपर (तारा जोडणारा तुकडा) तुटलाय ते करून येतो. आता बघा हं, लाईट नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून टाकीत पाणी नाही, म्हणजे मटण धुवायचं कशात? लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यावरनं पातेली उतरवताना आमच्या मेव्हण्यांची कंबर गेली, ती अजून यायची हाय.

मग कुणाला तरी आठवलं, सी विंगच्या काकांनी गच्चीवर सोलर बसवलंय. मिक्सरची भांडी घेऊन आम्ही सहा जण त्यांच्या दारात. काका अंधारात बसलेले! वर ऊन, पॅनेल लखलखायलाय, आणि घरात पंखा फिरंना. काका सोलरवाल्याला शिव्या घालायलेत, पण त्याची चूक नाही ओ. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनीला जोडलेला, इन्व्हर्टर बाहेरची लाईट गेली की स्वतःहून बंद पडतो, पडायलाच पाहिजे, नाहीतर आपल्या छपरावरची वीज उलटी लाईनीत जाईल आणि खांबावरचा तो वायरमन चिकटेल. हे बसवताना कुणी सांगत नाही, बिल शून्य येणार एवढंच सांगतात.

शेवटी तुळशीखाली ठेवलेला पाटा निघाला. वरवंटा तीन दारं शोधल्यावर सापडला, दार उघडं राहावं म्हणून लावलेला. खसखस, तीळ, खोबरं वाटायला आम्ही बाप्ये बसलो, मावशी खुर्चीत बसून सूचना देत होत्या, दहा मिनिटांत बोटं सोलली. पांढरा रस्सा असा झाला की पिण्यापेक्षा चावावा लागला. बायका हसायलेत बघा, त्यांना म्हायतीय कोण वाटत होतं. पावणेबाराला लाईट आली, तेव्हा आम्ही गाडीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटपट.

हा एका सकाळचा खेळ झाला. 2019 च्या ऑगस्टात काय झालं आठवा, पंचगंगा घरात आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा करणारे पंपच पाण्यात. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोलला रांगा. 2021 ला परत तेच. गावात निदान चालत दुकान गाठता येतं, आपण कळंब्याच्या पुढं राहायला आलोय, इथं दुधाच्या पिशवीलासुद्धा किक मारावी लागती.

म्हणून माझं एकच म्हणणं, अख्खी बिल्डिंग नको, पाणी तेवढं लाईनीवरनं सोडवा. हजार लिटर 60 मीटरवरनं उचलायला हिशोबानं 0.16 युनिट, पंप आणि पाइप खातात ते धरून समजा 0.4. रोजचं दहा हजार लिटर म्हणजे चार युनिट, तेवढं 1 किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला देतंय. पावसाळ्यासाठी तीन किलोवॅट धरा. हायब्रीड इन्व्हर्टर, म्हणजे लाईट गेली तरी पॅनेल-बॅटरीवर चालणारा, आणि बॅटरी पाहिजे, आणि मोटर हळूहळू वेगानं सुरू करणारा व्हीएफडी विसरू नका, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढती, साधा इन्व्हर्टर तिथंच मान टाकतो. सोसायटीच्या सामाईक कामाला केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॅटमागं 18,000 अनुदान हाय, बॅटरीचं त्यात धरू नका.

कोटेशन माझ्या पिशवीत हाय, खाली चहाजवळ ठेवतो. सह्या करायच्या तर आजच करा, परवा मी लेकीकडं चाललोय. आणि तो वरवंटा कुणाचा हाय तो घेऊन जावा, आमच्या दाराला लागलाय.