तुमचा अर्धवट प्रश्नसुद्धा हवाय

नमस्कार मंडळी.

मघाशी दारातच दोघा-तिघांनी मला गाठून सांगितलं, “तुमच्या चर्चागटावर येणारं सगळं वाचतो हो, पण लिहीत मात्र नाही.” आजचं माझं बोलणं त्यांच्याशी आहे. आपण ज्यांना ‘रोमात असलेले’, म्हणजे ‘रीड ओन्ली मोड’मध्ये नुसतं वाचत बसलेले म्हणतो, त्या सगळ्यांशी. एका ऑनलाइन गटाची नियंत्रक म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि या न लिहिणाऱ्यांची मला मनापासून ओढ आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. नुसतं वाचणं यात गैर काहीच नाही. १९९५ साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली निघाली होती. तिच्यात नव्या माणसाला सल्लाच असा होता की, कुठल्याही गटात काही लिहिण्याआधी एक-दोन महिने तिथलं नुसतं वाचावं. लोक कसे बोलतात, कोणते प्रश्न आधीच येऊन गेलेत, हे समजून घ्यावं. सल्ला आजही योग्य आहे. पण त्यात एक-दोन महिने म्हटलंय, पाच-सात वर्षं नाही!

ब्लेअर नॉनेकी आणि जेनी प्रीस या अभ्यासकांनी २००० साली ईमेलवरच्या चर्चागटांची पाहणी प्रसिद्ध केली. आजारपणात एकमेकांना आधार देणाऱ्या गटांमध्ये न लिहिणारे सभासद सरासरी ४६ टक्के निघाले. सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवणाऱ्या गटांमध्ये तेच प्रमाण ८२ टक्के होतं. या फरकाचा मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, आजारपणाबद्दल बोलताना प्रत्येकाला खात्री असते की, माझा अनुभव माझाच आहे, तो चूक कसा ठरेल? तांत्रिक विषय आला की मात्र बरोबर-चूक आडवं येतं. आपल्यापेक्षा जाणकार माणसं वाचताहेत, ही जाणीव हात धरून ठेवते. पुढे २००४ मध्ये याच अभ्यासकांनी एका सहकाऱ्यासोबत न लिहिणाऱ्यांनाच कारणं विचारली. निम्म्याहून अधिक जण म्हणाले, वाचून आमचं काम भागतं. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांनी खुशाल वाचावं. पण पाव हिश्श्याहून थोड्या जास्त लोकांनी संकोच वाटतो असं सांगितलं, आणि आपल्याकडे देण्यासारखं काही नाही असं म्हणणारेही बरेच होते. या दोन उत्तरांपाशी मला थांबायचंय.

“देण्यासारखं काही नाही” म्हणणाऱ्यांना मी टिमथी गॉवर्स यांची गोष्ट सांगते. हे मोठे गणितज्ञ, गणितातल्या अतिशय मानाच्या फील्ड्स पदकाचे १९९८ चे मानकरी. २००९ च्या जानेवारीत त्यांनी एक अवघड प्रश्न ऑनलाइन मांडला आणि ज्याला यावंसं वाटेल त्याला बोलावलं. एक प्रमेय आधी सिद्ध झालेलं होतं, पण फार अवजड साधनं वापरून. त्याची अधिक सोपी, मूलभूत सिद्धता मिळून शोधायची होती. त्यांनी घालून दिलेले नियम मला फार आवडतात. प्रतिसाद छोटे ठेवा. नीट विचार न झालेली कल्पनाही मोकळेपणाने लिहा. एखादी गोष्ट सुचली तर ती घेऊन आठवडे-आठवडे एकटे बसू नका, आहे त्या अवस्थेत सगळ्यांपुढे ठेवा. अगदी सुरुवातीला लिहिणाऱ्यांमध्ये एक शाळेतला शिक्षक होता आणि त्याच्यापाठोपाठ टेरेन्स टाओ, म्हणजे आणखी एक फील्ड्स पदकविजेते. सुमारे सहा आठवड्यांत सिद्धतेची वाट सापडली. डी. एच. जे. पॉलिमॅथ अशा सामूहिक नावाने तो शोधनिबंध २०१२ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापून आला.

जगातले अव्वल गणितज्ञ कच्चे विचार चारचौघांत मांडतात, आणि आपण मात्र पहिला प्रतिसाद पक्का होईपर्यंत मसुद्यात ठेवतो. बरं, जाणकाराला एक गोष्ट कधीच परत मिळत नाही, ती म्हणजे न कळणाऱ्याची नजर. एखादी पायरी नवख्याला कुठे अडते, हे ती पायरी कधीच ओलांडून गेलेल्याला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला दिसतं. तुमच्या अडखळण्यामुळे एखादा धागा, म्हणजे एका प्रश्नाखाली जमलेली चर्चा, असा तयार होतो की, वर्षभराने तीच अडचण आलेला अनोळखी माणूस तो वाचून मोकळा होतो. हे मी माझ्या गटात पुन्हा पुन्हा होताना पाहते.

मग लिहायचं कसं? “प्रश्न बाळबोध आहे, क्षमा करा” ही सुरुवात कृपा करून गाळा. मला काय हवं होतं, मी काय करून पाहिलं आणि झालं काय, एवढं सांगितलं की चांगला प्रश्न तयार. प्रश्न विचारायचा नसेल तर कुणाच्या धाग्यावर “मलाही हाच अनुभव आला” एवढं लिहून एखादा तपशील जोडा, तेही पुष्कळ आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने तर अजिबात अडू नका. वेलांटी चुकली म्हणून मुद्दा चुकत नाही, आणि जो वेलांटीवरूनच टोकतो त्याला आवरणं हे आम्हा नियंत्रकांचं काम आहे. कुणी तिरकस बोललं तर लगेच उत्तर देऊ नका, आम्हाला कळवा. मी स्वतः अशा प्रत्येक तक्रारीकडे लक्ष देते.

आता जुन्या सभासदांना दोन शब्द. नव्या माणसाने पहिल्यांदा लिहिलं आणि त्याला काही उत्तर आलं, तर तो पुन्हा लिहिण्याची शक्यता वाढते, असं चर्चागटांच्या अभ्यासात दिसून आलंय. पूर्ण उत्तर माहीत नसेल तर “वाचलं, पाहून सांगतो” म्हणा. “आधी शोधून तरी बघायचं” असं लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच जुन्या धाग्याचा दुवा देता येतो. माझ्या मते नवा सभासद निघून जातो तो बहुतेकदा टीकेमुळे नव्हे. तो जातो ते कुणीच काही न बोलल्यामुळे.

आणि नव्यांनो, उत्तर मिळाल्यावर एक काम आठवणीने करा. उपाय लागू पडला का, नसेल तर शेवटी काय केलं, हे त्याच धाग्यावर येऊन लिहा. उत्तर देणाऱ्याला ते हवं असतंच, पण तुमच्यानंतर शोधत येणाऱ्याला ते जास्त हवं असतं. आज घरी गेल्यावर कुणाला पहिलं काही लिहावंसं वाटलं तर लिहा, रात्री मी गटावर आहेच.