हाडांना ओझं हवं

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. धावपट्टी.)

२ ऑगस्ट १९२८. अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिक. बायकांच्या ८०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकते. जागतिक विक्रम! पण वर्तमानपत्रांत गाजल्या त्या शर्यतीनंतर दमून आडव्या झालेल्या धावपटू. दमलेले पुरुषही असेच आडवे होतात, ते मात्र कुणाला खटकत नाही. बाईच्या नाजूक शरीराला हे झेपायचं नाही, असं ठरलं आणि ऑलिम्पिकमधली ही शर्यत बंद झाली. ती परतली थेट १९६० साली, रोममध्ये.

(क्ष-किरण छायाचित्र. मांडीचं हाड.)

त्या ‘नाजूक’ शरीराच्या आत जरा डोकावू.

हाड दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं रचतात. रचायचं कुठे, हे ठरवण्यात ताणाचा मोठा वाटा. स्नायूंनी ओढलं, वजन पडलं, की तिथे भर पडते. ताणच नसेल, तर शरीर ते हाड पोसत बसत नाही. अंतराळात भार नाहीसा होतो, तेव्हा धडधाकट अंतराळवीरांची हाडंही महिन्याला एखाद टक्क्यानं विरळ होतात.

हाडांची ही कमाई साधारण तिशीपर्यंतच. पुढे खर्च सुरू. पाळी कायमची थांबली, की हाडांना सांभाळणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. नेमक्या याच वयात बाईला सल्ला मिळतो, जड उचलू नका, थोडं चाला! चालणं हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला उत्तमच. मणक्याला मात्र तेवढा ताण पुरत नाही.

(व्यायामशाळा. करड्या केसांची बाई वजनाच्या बारसमोर उभी.)

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठानं हे तपासून पाहिलं. हाडं विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या १०१ बायका. निम्म्या घरी हलका व्यायाम करत होत्या. बाकीच्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलत होत्या, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली होती, हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली होती. अर्थात, हे नजर ठेवणारं कुणी नसताना एकटीनं करायचं काम नव्हे.

आणि ती ठरलेली शंका, ‘पुरुषासारखे दंड होतील का?’ बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषाच्या मानानं अगदीच थोडं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते, ती बरीचशी मज्जातंतूंच्या सरावामुळे. दंड जागच्या जागी असतात.

खरी काळजी दुसरीकडे आहे. भरपूर व्यायाम आणि ताटात कमी, असं चाललं की शरीर काटकसर करतं आणि पाळी थांबू शकते. काही तरुण खेळाडूंना ती कटकट मिटल्यासारखी वाटते. पण आत इस्ट्रोजेन घटलेलं असतं, म्हणजे विशीतच हाडांवर पन्नाशीची वेळ. सारख्या बारीक भेगा पडू लागल्या, की ते उघड होतं.

(तीच बाई. हातांना खडूची पूड. ती वाकते, बार घट्ट धरते.)

आठ महिन्यांत हिच्या वजनकाट्यावरचा आकडा कदाचित हललाही नसेल.

(बार जमिनीवरून सुटतो.)