वजन कुठे आहे?

मित्रहो, पुढच्या चाकाकडून येणारा तो ‘खट्’ आवाज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. स्पीडब्रेकरवरून उतरताना, खड्ड्यात चाक आदळल्यावर, कधी कधी रिव्हर्स घेताना नुसता ब्रेक दाबला तरी. पुढचं सस्पेन्शन घरी उघडायचं म्हटलं की लोक मला आधी विचारतात, पाने कोणते लागतील? पान्यांचं बोलूच. पण हे काम करताना एक प्रश्न सतत मनात हवा, आणि आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे: या क्षणी गाडीचं वजन कुठे आहे?

आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना आखली. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबात. वजन बॉडीकडून वरच्या माउंटवर, तिथून स्प्रिंगवर, हबवर म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर आणि शेवटी चाकावर उतरतं. खालचा लोअर आर्म, म्हणजे बॉडी आणि हब जोडणारा दांडा, हे वजन पेलत नाही, तो चाकाला फक्त जागेवर धरून ठेवतो. म्हणून अशा गाडीत चाक अधांतरी लटकवून खालचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि हब यांच्यातला गोळ्याचा सांधा, तपासला तरी चालतं. चाकाला बाराच्या आणि सहाच्या काट्यावर धरून हलवायचं, सोबतच्या माणसाने जॉइंटवर बोट ठेवायचं. मात्र ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, तिथे लटकत्या चाकात स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि आत प्ले, म्हणजे ढिलेपणा, असूनही तो घट्ट वाटतो. तिथे जॅक आर्मखाली लावायचा, जॉइंटवरचा दाब उतरवायचा, मगच चाक हलवायचं.

टाय रॉड एंडचं, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्याचं, बरोबर उलटं. तो गाडी चाकांवर उभी असताना तपासायचा. एकाने स्टिअरिंग दोन-तीन बोटं इकडेतिकडे हलवायचं, दुसऱ्याने सांध्याभोवती तळहात लपेटायचा. डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला टक् असं कळतं. हे नीट केल्याशिवाय एकही पार्ट विकत आणू नका. आवाज लिंक रॉडचा, म्हणजे अँटीरोल बार सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा, आणि बदलले शॉकॲब्सॉर्बर, असं मी फार वेळा पाहिलं आहे.

आता गाडी उचलणं. यात मी कुणालाही सूट देत नाही. जमीन सपाट आणि पक्की, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, हॅण्डब्रेक ओढलेला, व्हील नट चाक जमिनीवर असतानाच सैल केलेले. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचललं की गाडी स्टँडवर ठेवायची, खांद्याने ढकलून बघायची आणि मगच हात आत घालायचा.

शक्यतो पुढची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच उचललंत तर वळणावर गाडीचा कल रोखणारा अँटीरोल बार पिळला जातो, लिंक रॉडवर ताण येतो आणि बोल्ट निघता निघत नाही. लोक त्यावर हातोडा चालवतात. दुसरी बाजू तेवढीच वर घ्या, ताण जातो. नट फिरवताना आतला खिळाही फिरायला लागला, तर त्याच्या टोकाला ॲलन की लावून तो धरून ठेवा.

बॉल जॉइंटचा शंकूसारखा खिळा हबच्या डोळ्यात, म्हणजे भोकात, रुतून बसतो. तो काढताना खिळ्याच्या टोकावर ठोकू नका, आटे जातात. नट दोन-तीन आटे शिल्लक ठेवून सैल करा, पहारीने आर्म खाली दाबून धरा आणि डोळ्याच्या कडेवर हातोड्याचे दोन दणकट घाव घाला. क्षणभर डोळा किंचित ताणला जातो आणि खिळा सुटतो. सुटल्यावर हब बाहेर ओढू नका, आतला ॲक्सल जॉइंट निसटतो. ब्रेक कॅलिपर काढलं असेल तर ते तारेने बांधा, होजवर लटकू देऊ नका.

स्ट्रटबद्दल एकच सांगतो. वरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय कधीही सोडू नका. १००० किलोच्या गाडीत पुढच्या एका चाकावर ३०० किलोच्या आसपास भार येतो. स्ट्रट बाहेर काढल्यावर गाडीचं वजन गेलं तरी स्प्रिंग दाबलेलीच असते. स्ट्रट उघडायची सवय नसेल तर तेवढं काम वर्कशॉपमध्ये करून आणा, बाकीचं घरी करा.

आणि आता बुश, म्हणजे आर्म बॉडीला जोडणारा रबरी सांधा. हा मुद्दा फार कमी जण सांगतात. लोअर आर्मच्या बुशमध्ये आतली नळी आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला जखडते. पुढे आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळलं जाऊन, काहीही घसरत नाही. आता हिशेब करा. आर्म ३५ सेंटिमीटरचा आणि लटकलेलं चाक ९ सेंटिमीटर खाली आलेलं, असं धरा. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळलात आणि गाडी खाली घेतलीत, तर रबर जवळजवळ १५ अंश पिळलेलं राहतं, गाडी नुसती उभी असतानाही. माझ्या पहिल्या गाडीत मी हेच केलं होतं. काही महिन्यांत ‘खट्’ परत आला. आर्म काढला तर नव्याकोऱ्या बुशचं रबर नळीभोवती अर्धचंद्रासारखं फाटलेलं. दोष पार्टचा नव्हता.

म्हणून बुशचे बोल्ट आधी हाताने बसवा. मग हबखाली जॅक लावून, बॉडी स्टँडवरून जेमतेम सुटेल इतकं चाक वर घ्या आणि त्या स्थितीत टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. पान्यावर ४० सेंटिमीटर अंतरावर २५ किलोचा जोर म्हणजे १०० न्यूटन-मीटर. अंदाजावर सोडू नका. लॉकनट आणि स्प्लिट पिन नवीनच घाला.

टाय रॉड एंड बदलताना जुन्याचे किती आटे आत होते ते मोजून ठेवा. तरी अलाइनमेंट करावीच लागते. दीड मिलिमीटरच्या आट्यांवर एक फेरा चुकला तरी चाक अर्ध्या अंशाहून जास्त वळतं आणि टायर एका कडेने झिजतो. अलाइनमेंटला नेण्याआधी गाडी थोडी मागे-पुढे करा, बॉनेट दोनदा दाबून सोडा. लटकून आलेली चाकं तेव्हा कुठे आपल्या जागी बसतात.