खोड्यातले पाय आणि आनंदाचं गाणं

श्रोतेहो, प्रभूच्या नावात तुम्हां सर्वांना नमस्कार.

आज एका पत्राविषयी बोलायचं आहे. बायबलच्या नव्या करारात ते फिलिप्पैकरांस पत्र म्हणून येतं. अवघे 4 अध्याय, एका बैठकीत वाचून होतात. आनंद, आनंदित, आनंद करा हे शब्द त्यात इतक्या वेळा येतात की लिहिणारा फार सुखात असावा असं वाटतं. पण ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने हे पत्र बंदिवासात असताना लिहिलं. हा बंदिवास रोममधला, असं परंपरा मानते. खटल्याचा निकाल लागायचा होता आणि तो मृत्युदंडाचाही असू शकला असता.

आनंद करा, हे सांगणारा माणूस स्वतः कशातून गेला होता? करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 11व्या अध्यायात त्याने ते लिहून ठेवलं आहे. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. भूक, थंडी, उघडेपण. म्हणून त्याच्या तोंडचा आनंद हा शब्द मला हलक्याने घेता येत नाही.

आता ज्यांना हे पत्र गेलं त्यांच्याकडे पाहा. फिलिप्पै हे मासेदोनियातलं शहर. पत्राच्या साधारण दहा वर्षांपूर्वी पौल आणि त्याचा सोबती सीला तिथे गेले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायात ती हकीकत आहे. त्यांना सर्वांसमोर छड्यांनी मारलं, आतल्या बंदिखान्यात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, देवाची स्तोत्रं गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते. पाठ सोललेली, पाय लाकडात, आणि गाणं. त्यांना गाताना वेदना झाल्या नसतील असं मला वाटत नाही. मग भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं समजून बंदिखान्याचा अधिकारी तरवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला. पौल ओरडला, "आम्ही सर्व येथेच आहोत!" त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. आणि देवावर विश्वास ठेवून त्याने सगळ्या घरच्यांसह आनंद केला, असं तिथे लिहिलं आहे.

पौलाचं हे पत्र फिलिप्पैच्या मंडळीत वाचलं गेलं असेल तेव्हा ऐकणाऱ्यांत तो अधिकारी बसला असेल का? ग्रंथ सांगत नाही. पण मला तो तिथे दिसतो. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा," हे वाक्य आलं तेव्हा त्याला पटवून द्यायची गरज नव्हती. त्याने त्या पाठीवरच्या जखमा आपल्या हातांनी धुतल्या होत्या.

हे वाक्य कुठे येतं तेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या अगदी आधी पौल युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोघी स्त्रियांना एकचित्त व्हायला सांगतो. म्हणजे मंडळीत बेबनाव होता. तिथेच, तो मिटायची वाट न बघता, आनंद करा असं तो सांगतो.

आपण मात्र वाट बघतो. हे मिळालं की, ते सुटलं की, मुलं मार्गी लागली की. मिळतंही पुष्कळदा, आणि काही दिवसांत ते मिळाल्याचंही काही वाटेनासं होतं. उपदेशकाच्या पुस्तकात सगळं मिळवून बसलेला राजा ते सारं व्यर्थ म्हणतो. त्यावर अधिक बोलायला नको, प्रत्येकाच्या अनुभवातलं आहे.

पौलाचं एक क्रियापद मात्र मला सोडत नाही. असेल त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे, असं तो म्हणतो. शिकलो! स्वभावच तसा आहे असं तो म्हणत नाही. टंचाईत कसं राहावं, विपुलतेत कसं राहावं, दोन्ही शिकावं लागलं. आणि शिकवणारा कोण, तेही तो सांगतो: मला जो सामर्थ्य देतो तो. मूळ ग्रीकमध्ये आनंदाला खारा म्हणतात आणि कृपेला खारिस. दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले. हा आनंद आपल्या कमाईतून येत नाही, ख्रिस्ताने आधीच केलेल्या कृपेतून येतो. म्हणून आपली कमाई गेली तरी तो राहू शकतो.

पण कृपा करून कोणाला दुःखात हसायला सांगू नका. येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना रडला. माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा अनेकांनी मला विश्वास ठेव, आनंदी राहा असं सांगितलं. त्यांचं प्रेम खरं होतं, पण मला ते झेपेना. एका रात्री तिच्या उशाशी बसून मी 88वं स्तोत्र उघडलं. त्या स्तोत्राला सुखान्त नाही, ते अंधारावरच संपतं. तरी ती प्रार्थना आहे, देवाशीच बोललेली आहे, आणि पवित्र शास्त्रात ठेवलेली आहे. मला रडू आलं, आणि कित्येक दिवसांनी प्रार्थना करता आली. आई गेली. ते दुःख आजही आहे. पण त्या रात्री जो जवळ होता तो गेला नाही, आणि मी आनंद म्हणतो तो हाच.

येशूने आपल्या आनंदाविषयी शिष्यांना सांगितलं ते पकडला जाण्याच्या रात्री. माझा आनंद तुमच्यामध्ये असावा, तो कोणी तुमच्यापासून काढून घेणार नाही. उद्याचा क्रूस त्याला ठाऊक होता.

पौलाच्या पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ येते. इथले सर्व पवित्र जन, विशेषतः कैसराच्या घरचे, तुम्हांला सलाम सांगतात. कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, पदरी असलेल्यांपर्यंतही बंदिवानाचा हा विश्वास पोहोचला होता. फिलिप्पैत ही ओळ वाचली गेली तेव्हा त्या जुन्या बंदिखान्याच्या अधिकाऱ्याला हे कसं घडलं असेल ते कोणी सांगावं लागलं नसेल.

नमस्कार.