जिवंत शिदोरी

वैशाखात किनवटच्या सागवानी जंगलात पाने गळून गेलेली असतात आणि उघड्या फांद्यांवरून सिकाडा या किड्याचा अखंड करकराट ऐकू येत असतो. हा आवाज फक्त नराचा असतो. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या ताठ पट्ट्यांचे पातळ पडदे असतात. आतले स्नायू ते वेगाने ओढतात आणि सोडतात, आणि जवळजवळ पोकळ असलेले पोट तो नाद इतका वाढवते, की काही जातींमध्ये तो १०० डेसिबलच्याही पुढे जातो.

उत्तर अमेरिकेत सिकाडावरच आपली पिल्ले पोसणारी एक मोठी गांधीलमाशी आहे. या माशीची मादी सिकाडाला नांगी मारते आणि स्वतःहून जड असलेले ते ओझे जमिनीतल्या बिळात नेते. विषाने सिकाडा लुळा पडतो, पण मरत नाही, म्हणूनच भर उन्हाळ्यातही तो सडत नाही. अशी शिकार जिवंत असते, हे फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ झाँ-आँरी फाब्र यांनी १८५५ मध्ये दुसऱ्या एका जातीच्या निरीक्षणातून दाखवून दिले होते. अंडे फलित करायचे की नाही हे या आईच्याच हाती असते: फलित अंड्यातून मादी निघते, न केलेल्यातून नर. ज्यातून नर निघणार त्या अंड्याजवळ ती बहुधा एकच सिकाडा ठेवते, आणि मोठ्या होणाऱ्या मादीसाठी दोन किंवा अधिक. ती स्वतः मात्र फुलांतल्या मधुरसावर जगते. उत्तर अमेरिकेतले १३ आणि १७ वर्षांनी निघणारे सिकाडा बहुतेक तिच्या तावडीतून सुटतात, कारण ती बाहेर पडेपर्यंत त्यांचा हंगाम सरलेला असतो.

हीच विद्या पाहायला मराठवाड्यात रानात जाण्याचीही गरज नाही. हापशाभोवतीच्या चिखलावर कुंभारीण ही मातीचे घरटे बांधणारी गांधीलमाशी उतरते, ओल्या मातीची गोळी तोंडात धरून माळवदाच्या घरात शिरते आणि तुळईला किंवा कोनाड्यात एकेक कोठडी बांधते. तिची शिकार म्हणजे कोळी. असे अनेक लुळे कोळी कोठडीत भरून, त्यांतल्या एकावर अंडे घालून ती मातीने तोंड बंद करते.

घर रंगवताना ही घरटी भीतीपोटी खरवडली जातात, याचे वाईट वाटते. कुंभारीण एकटी राहते, पोळ्यातल्या गांधीलमाश्यांसारखी तुटून पडत नाही आणि दाबली गेल्याशिवाय सहसा डंख करीत नाही. घरटे काढायचेच असेल, तर आधी प्रत्येक कोठडीला भोक पडले आहे का, ते पाहावे. वाढ पूर्ण झालेली माशी माती कुरतडून तिथूनच बाहेर पडते.